डार्क, भाग पहिला: तेहतीस वर्षं आन तेहतीस अनारसे (फक्त पहिल्याच भागावर बोला, पुढचं फोडू नका)

माळवदावरून
तर झालं असं की धोंड्याचा महिना चालू हाय, जावई म्हणून सासरवाडीला लातूरला आलोय, बाहेर ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रं पण दिसंना. जेवण जरा जास्तच झालेलं, कूलरसमोर आडवा पडलो तर मेहुण्यानं टीव्हीवर डार्क लावली. जर्मन सिरीज हाय, नेटफ्लिक्सची पहिली जर्मन भाषेतली, १ डिसेंबर २०१७ ला आलेली. म्हणजे मी साडेआठ वर्षं उशिरा पोचलो हे मान्य, त्यावरून कोणी हिणवू नका.

पहिल्या भागाचं नाव 'गुपितं' असं काहीतरी होतंय मराठीत. सुरुवातीला आइनस्टाइनचं एक वाक्य येतंय की भूत, वर्तमान आन भविष्य ह्यातला फरक नुसता भास हाय, पण पिच्छा न सोडणारा भास. मग एका खोलीची भिंत, भिंतीवर माणसांचे फोटो, त्याच माणसांचे लहानपणीचे आन मोठेपणीचे, एकमेकाला दोरे बांधलेले. आन लगेच एक माणूस माळ्यावर गळफास घेतो. तारीख २१ जून २०१९. मागं एक पाकीट, त्यावर लिहिलंय की ४ नोव्हेंबरला रात्री १०:१३ च्या आधी उघडायचं नाही. आता मला सांगा, मरायला निघालेला माणूस चिठ्ठीवर तारीख वेळ कामून टाकील? दहा वाजून तेरा मिनिटं! आमच्याकडं लग्नाचा मुहूर्त पण एवढा कोणी पाळत नाही.

पुढं थेट ४ नोव्हेंबर. त्या माणसाचं पोरगं योनास, पिवळा रेनकोट घालून सायकलवर शाळंत जायलंय. गावाचं नाव विंडन, कुठूनही बघा अणुवीज प्रकल्पाचे धुराडे दिसतेतच. एरिक नावाचं एक पोरगं आधीच गायब हाय, सगळीकडं त्याचे फोटो लावलेले. तपास करणारा पोलीस उलरिक, त्याचा स्वतःचा भाऊ माड्स ३३ वर्षांपूर्वी म्हणजे १९८६ ला असाच गायब झालेला. आन रात्री गुहेजवळ पोरं जमतेत, पाऊस, आतून कसला तरी आवाज, बॅटऱ्या लुकलुकायलेत, सगळे पळतेत आन उलरिकचं धाकटं पोरगं मिकेल मागं राहतं. 

सायन्स फिक्शन म्हणून लावली होती, तर अख्ख्या भागात ना एलियन ना लॅब. नुसती माणसं एकमेकाकडं बघायलेत आन बोलायचं टाळायलेत. पण मी उठलोच नाही जागचा, सासूबाई दोनदा चहा ठेवून गेल्या, दोन्ही थंड. तुम्ही बघितली असंल तर सांगा, पहिल्याच भागात तुम्हाला कशानं पकडलं? का नाही पकडलं?

बार्शी_नाका
मला नाही पकडलं बप्पा. अर्ध्या तासात झोप. सगळे गडी दाढीवाले, सगळ्या बाया थकलेल्या, सगळीकडं अंधार, मोबाईलचा ब्राइटनेस फुल केला तरी दिसंना कोण कुठं उभं हाय. नावानुसार अंधार दिला म्हणा, फसवणूक नाही. आन ते लहान पोरगं, मोठं पोरगं, त्याचा बाप, त्याचा भाऊ, कोण कोणाचं हेच कळंना मला. सिरीज हाय का सातबारा?

आडगावची_सून
@बार्शी_नाका तुम्हाला भावकीची सवय नाही म्हणून. मी काय केलं सांगते. घरात एक लग्नपत्रिका पडली होती, तिच्या मागं पेन्सिलीनं चार घरं काढली: कानवाल्ड, नील्सन, डॉप्लर, टीडमन. गावात हीच चार घरं धरा, बाकीचे पाव्हणे. मग प्रत्येक घरात आजी, नवरा बायको, लेकरं. योनास कानवाल्डांचा. उलरिक नील्सनांचा, त्याची बायको काटारीना शाळेत मुख्याध्यापिका, लेकरं तीन, मिकेल सगळ्यात धाकटा. पोलिसातल्या बाई शार्लोट डॉप्लरांच्या. हॉटेलवाल्या रेगीना टीडमनांच्या, पोरगं गायब झाल्याची बातमी पसरली तशी त्यांची गिऱ्हाईकं पळालेली. दहा मिनिटात सगळं डोक्यात बसतं. सासरी आल्यावर पहिल्या आठवड्यात मला ह्याच्यापेक्षा अवघड परीक्षा द्यावी लागली होती, अठ्ठावीस चुलत सासरे.

आणि उलरिकचं योनासच्या आईसोबत चालू आहे हे जे पहिल्याच भागात दाखवलंय ना, ते विंडनमध्ये कोणालाच माहीत नाही हे मला पटतच नाही. आमच्या आडगावात हे दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या टाकीवर आलं असतं. जर्मन लोक इतके गप्प कसे राहतात देव जाणे.

डीपी_जळाली
लाईट डिम-फुल डिम-फुल व्हायली की जर्मनीतले लोक घाबरून वर बघतेत. आमच्याकडं असं झालं की माणूस शांतपणे म्हणतो फेज गेला, आन काठी घेऊन डीपीकडं निघतो. पहिल्या भागात लाईट लुकलुकली तवा मी खरंच टीव्हीवरून नजर काढून घरातल्या बल्बकडं बघितलं. पण मला एक डाऊट हाय, ते गुहेतून जे येतंय ना ते म्हणजे

माळवदावरून
@डीपी_जळाली थांब लका. इथंच थांब. धाग्याच्या नावातच लिहिलंय.

डीपी_जळाली
मी अंदाज सांगूलालो, मी पण पहिलाच बघितलाय!

बार्शी_नाका
हे पाच वेळा बघितलेल्या माणसाचा अंदाज दिसतोय.

प्रयोगवही
नमस्कार मंडळी. मी पस्तीस वर्षं नांदेड जिल्ह्यात फिजिक्स शिकवलं, आता निवृत्त. सिरीज नातीनं दाखवली. धागाकर्त्यांनी सुरुवातीच्या आइनस्टाइनच्या वाक्याचा उल्लेख केला म्हणून लिहितो, कारण ते वाक्य सगळीकडं भिंतीवर चिकटवतात पण ते कुठं लिहिलं होतं ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. ते कुठल्याही शोधनिबंधात नाही. मिकेले बेस्सो म्हणून आइनस्टाइनचा जुना मित्र होता, बर्नच्या पेटंट ऑफिसात दोघं सोबत कामाला होते. १९०५ च्या सापेक्षतेच्या निबंधात शेवटी आभार मानलेत ते ह्याच बेस्सोचे. हा मित्र १९५५ च्या मार्चमध्ये वारला. तेव्हा त्याच्या घरच्यांना आइनस्टाइननं जे सांत्वनाचं पत्र पाठवलं त्यात हे वाक्य आहे, की हा ह्या विचित्र जगातून माझ्या थोडा आधी निघून गेला, पण त्याला काही अर्थ नाही, आम्हा भौतिकशास्त्र मानणाऱ्यांना भूत-वर्तमान-भविष्य हा फरक म्हणजे नुसता भास. आणि महिन्याभरात, १८ एप्रिलला, आइनस्टाइन स्वतः गेले.

म्हणजे ते वाक्य दुखवट्याच्या पत्रातलं आहे. आता परत बघा, ते वाक्य दाखवून लगेच एका घरातला बाप जातो आणि मागं पत्र राहतं. दिग्दर्शक बारान बो ओडार आणि लेखिका यांटे फ्रीजे यांनी हे जाणून केलं का योगायोगानं झालं ते मी सांगू शकत नाही, पण मला उठून उभं राहावंसं वाटलं.

माळवदावरून
सर हे लई भारी सांगितलंत. मी ते वाक्य स्टेटसवाल्यांसारखं वाचून सोडून दिलं होतं.

परभणीचा_चहा
सलाम सगळ्यांना. मला वेगळ्याच गोष्टीनं पकडलं. ३३. भाऊ गायब झाला ३३ वर्षांपूर्वी, हे ऐकलं आन मी पॉज केलं. आमच्या अब्बांचं एक ठरलेलं बोलणं हाय, माणसाच्या जिंदगीत रमजान प्रत्येक मोसमात येऊन जातो, उन्हाळ्यात पण, पावसाळ्यात पण, थंडीत पण, आन तेहतीस सालात परत तिथंच. कारण चांदचं साल ३५४ दिवसांचं, म्हणजे दरसाल दहा अकरा दिवस मागं सरकतं. यंदा रमजान फेब्रुवारीत लागला ना? १९९३ ला पण फेब्रुवारीतच लागला होता. मी तेव्हा सात वर्षांचा, पहिला रोजा तेव्हाच धरला होता, सकाळी थंडी होती एवढं चांगलं ध्यानात हाय. यंदा माझ्या पोरानं पहिला धरला, तो पण सातच वर्षांचा. तीच थंडी, तोच महिना. मी सहेरीला बसलो आन असं वाटलं मीच माझ्या समोर बसलोय. दोन महिन्यांनी ही सिरीज बघितली. आता बोला.

प्रयोगवही
@परभणीचा_चहा अगदी बरोबर आहे, आणि गणित पण सोपं आहे. ३३ सौर वर्षांचे दिवस साधारण १२,०५३. चांद्र वर्षं ३४ घेतली तर १२,०४८. पाचेक दिवसांचा फरक सोडला तर चंद्र आणि सूर्य परत एका ओळीत. तुमच्या अब्बांनी कागद न घेता सांगितलं हे.

आडगावची_सून
थांबा थांबा, मग आमच्या धोंड्याचं काय? आम्ही पण चंद्रावरच चालतो की. आमची दिवाळी थंडीतच येते, उन्हाळ्यात का नाही जात?

प्रयोगवही
कारण पंचांगवाले साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा घालून तो मागं पडलेला हिशोब भरून काढतात, तोच हा सध्या चाललेला अधिक महिना. हिजरीत तो घालत नाहीत म्हणून रमजान फिरतो. तोच चंद्र, फक्त उधारी फेडायची पद्धत वेगळी.

आडगावची_सून
म्हणजे साडेबत्तीसचे झाले तेहतीस, म्हणून जावयाला तेहतीस अनारसे!! आईनं परवा माझ्या नवऱ्यासाठी मोजून तेहतीस केले, एक तळताना फुटला तर परत एक करायला लावला, बत्तीस चालत नाहीत म्हणे. मी आईला म्हणलं आई तुझी जर्मनीत सिरीज निघालीय.

माळवदावरून
मला कालच मिळालेत ताटात. तेहतीस. आता खायची भीती वाटायली.

बार्शी_नाका
हिकडं पाठवा, मी टाइम लूप तोडतो.

टँकर_भरला
माझा मुद्दा वेगळाय. त्या विंडनमध्ये किती पाऊस पडायलाय! सकाळी पाऊस, शाळा सुटताना पाऊस, रात्री गुहेजवळ पाऊस, मढं सापडलं तरी पाऊस. आन एक माणूस खूश नाही त्या गावात. २०१६ ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, पहिल्या खेपंला दहा डबे, पाच लाख लिटर, स्टेशनवर माणसं हार घेऊन उभी, रेल्वेला हार! ह्या विंडनवाल्यांना एक उन्हाळा हिकडं पाठवा, सगळं डिप्रेशन टँकरच्या लाईनीत निघून जाईल. पिवळा रेनकोट मी आयुष्यात तीनदा घातला असंल.

गुहेवरून आठवलं, आम्ही शाळंत असताना खरोसा लेण्यांत सहल गेली होती. शेवटच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन यायची पैज, मी गेलो, आत वटवाघळांचा जो फडफडाट झाला, बाहेर आलो ते चप्पल आत सोडूनच. ती चप्पल अजून तिथंच असंल. पहिल्या भागातला तो आवाज ऐकून माझा पाय आपोआप पलंगावर आला.

डीपी_जळाली
ती चप्पल १९८६ मध्ये सापडली असंल कोणाला तरी.

माळवदावरून
@डीपी_जळाली परत!!!

डीपी_जळाली
जोक हाय भाऊ जोक.

नागनाथाच्या_मागं
आपल्याकडं अशी सिरीज करायची तर जागा तयार हाय, औंढा नागनाथ. एका बाजूला लायगो ह्या प्रयोगशाळेचं काम, चार चार किलोमीटरचे दोन हात, २०२३ ला केंद्रानं २६०० कोटी मंजूर केलेत, दूर आकाशात दोन कृष्णविवरं धडकली तर जागेचं जे कापड थरथरतं ते हिंगोली जिल्ह्यात मोजणार. आन दुसऱ्या बाजूला ते देऊळ, नामदेव महाराजांना कीर्तनाला मागच्या बाजूला जा म्हणले आन देऊळच फिरलं, म्हणून नंदी पाठीमागं राहिला अशी कथा आमच्या आजीपासून ऐकतोय. पहिला भाग असा सुरू करा: लायगोच्या पडद्यावर एक रेघ हलते, शास्त्रज्ञ म्हणतेत काहीतरी वळलं, आन तिकडं पुजारी सकाळी दार उघडतो तर नंदी समोर बसलेला. बस्स. तिथंच कट. दुसऱ्या भागाला अख्खा मराठवाडा बसंल.

बार्शी_नाका
हे मी बघीन. ह्यात झोप येणार नाही.

आडगावची_सून
आणि पुजाऱ्याचं नातं कोणाशी आहे ते पण दाखवा, मी पत्रिका काढून बसते.

वसाहत_गल्ली_४
बरेच दिवस नुसता वाचायलो, आज लिहितो. लांब होईल.

आमचं गाव १९९३ च्या भूकंपातलं. बावन्न गावं गेली त्यातलं एक. मी नंतरचा, पुनर्वसनातल्या पत्र्याच्या शाळंत शिकलेला, रुंद रस्ते, घरं लांब लांब, जुन्या गावात भिंतीला भिंत होती म्हणतेत. ३० सप्टेंबर, पहाटं ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं उशिरा झोपलेली. आमच्याकडं लहान पोराला पण ही वेळ पाठ असतीय, म्हणून धागाकर्त्यानं १०:१३ वर जोक केला तवा मला हसू नाही आलं, राग पण नाही आला, सांगायलो फक्त. काही मिनिटं माणसं पाळतेतच.

आमचे आबा तवा एकोणीस वर्षांचे, सोलापूरला कामाला. त्यांचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा, घरी. आबा दुसऱ्या दिवशी पोचले, पाऊस लागून राहिलेला. माळवदाची घरं, दगडमातीच्या दोन दोन हात रुंद भिंती, वर मातीचा थर, एकदा बसलं की खालचं काही हाती लागत नव्हतं. ह्याच्या पुढं आबा आजपर्यंत काही बोलले नाहीत. घरात काकाचा फोटो पण नाही, फोटो काढलेलाच नव्हता.

ही सिरीज मी मोबाईलवर बघत होतो, आबा मागं खाटेवर. मला वाटलं झोपलेत. उलरिकचं पोरगं हरवतं, मग जंगलात मढं सापडलं म्हणून फोन येतो, तो पळत जातो, आन बघतो तर ते त्याचं पोरगं नाही, दुसरंच कोणीतरी, डोळे जळालेले, अंगावर जुन्या काळातले कपडे. तिथं आबा मागून म्हणले, मागं घे. मी घेतलं. परत म्हणले, मागं घे, कपडे दाखव. तीनदा. मग म्हणले, ह्याच्या आईनं कपडे बघितले असतील का. मी काही बोललो नाही. मग ते आपणहून म्हणले की गणपतीला काकाला नवा शर्ट शिवला होता, निळा, खिशाला पांढरी पट्टी, मास्तर टेलरकडून आबांनीच सोलापूरच्या पगारातून शिवून पाठवला होता. त्या शर्टावरून ओळखलं. एवढंच. मी बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं की शर्ट होता.

त्या सिरीजमध्ये एक म्हातारा येतो ना भर मीटिंगमध्ये, परत होणार परत होणार म्हणत, आन सगळे त्याला हाताला धरून बाहेर नेतेत. १९९२ च्या ऑक्टोबर नोव्हेंबरात किल्लारीला धक्के बसले होते, जमिनीतून आवाज यायचे, म्हातारी माणसं म्हणत होती हे बरं लक्षण नाही. ह्या दगडी पठारावर भूकंप होत नाही असंच सगळे धरून होते. कोण ऐकतंय.

३३ वर्षं म्हणे तो उलरिक. यंदा सप्टेंबरात आमची पण तेवढीच होतील.

प्रयोगवही
वाचलं. दोनदा वाचलं. आबांना माझा नमस्कार सांगा.

परभणीचा_चहा
भाऊ, अल्लाह तुमच्या काकांना जन्नत देवो. आमच्या इथं पण त्या पहाटं पातेली वाजली होती म्हणतात अम्मी.

माळवदावरून
@वसाहत_गल्ली_४ वेळेवरून जे लिहिलं ते मागं घेतो दादा. आन माझं सदस्यनाव पण ठेवताना विचार केला नव्हता.

वसाहत_गल्ली_४
नाव राहू द्या. माळवदावर झोपलेले काही जण वाचले पण होते.

टँकर_भरला
मी पावसावर लिहिलेलं काढून टाकू का?

वसाहत_गल्ली_४
कामून? तुमच्या चपलीवर आबा हसले. वाचून दाखवलं त्यांना.

नवीन_आलो
हाय फ्रेंड्स, आत्ताच धागा दिसला, वरचं सगळं वाचलं नाही. कोणी सांगेल का इंग्रजी डब बघू का जर्मन? आणि हे खरंच एकदम कन्फ्युजिंग आहे का, कारण मला एका मित्रानं सांगितलं की वही घेऊन बसावं लागतं.

आडगावची_सून
जर्मनच ठेवा, खाली सबटायटल. डबमध्ये सगळे एका सुरात बोलतात, भांडण पण बातम्यांसारखं वाटतं. वही नको, लग्नपत्रिका घ्या, मागची बाजू कोरी असलेली.

बार्शी_नाका
मी परत लावली काल रात्री. ह्या वेळेस जागा राहिलो. सकाळी नाश्त्याच्या वेळी ते मिकेल बापाला वाट्यांची जादू करून दाखवतं, बाप विचारतो कसं केलंस, आन पोरगं म्हणतं प्रश्न कसं हा नाही, प्रश्न कधी हा हाय. मागच्या वेळेस हे माझ्या झोपेत गेलं होतं. पोरगं लई गोड हाय, त्यामुळं पुढं जास्त वाईट वाटतंय. पण अंधार फारच हाय ह्यावर मी ठाम.

डीपी_जळाली
सर एक विचारू का, तो अणुवीज प्रकल्प जो दाखवलाय तो बंद होणार म्हणतेत सिरीजमध्ये, तो खरा हाय का?

प्रयोगवही
विंडन गाव काल्पनिक आहे, पण बंद करणं खरं. जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पातल्या अपघातानंतर जर्मनीनं अणुवीज टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरवलं, शेवटचे तीन प्रकल्प १५ एप्रिल २०२३ ला बंद झाले. म्हणून त्या गावातल्या लोकांची जी घालमेल दाखवलीय ती तिथल्या प्रेक्षकाला रोजच्या पेपरातली वाटली असणार. कारखाना बंद होणार म्हणल्यावर आपल्याकडं ऊसवाल्या गावाचं जे होतं तेच समजा.

माळवदावरून
उद्या सासरवाडीतून निघायलो, मेहुणा म्हणतोय दुसरा भाग बघूनच जा. दुसऱ्या भागाचा वेगळा धागा काढतो, इथं कोणी काही टाकू नका. डीपी, तुला विशेष.

वसाहत_गल्ली_४
आबांनी दुसरा लावायला सांगितला आत्ता. सबटायटल इंग्रजीत हायेत, त्यांना वाचता येत नाहीत, म्हणून मी प्रत्येक ओळीला पॉज करून मराठीत सांगायलो. दीड तास झाला, पंधराच मिनिटं पुढं गेलोत.